गाळ कुठला काढायचा? करवीर तालुक्यातल्या एका तलावाचं प्रकरण

तलावाचं आणि गावाचं नाव इथे देणार नाही. जमिनीवर घरटी करणारे पक्षी अजून तिथेच आहेत, आणि ठिकाण एकदा फोनवरून फिरलं की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. कोल्हापुरातून दुचाकीवर सकाळी जाऊन जेवायला घरी यावं इतक्या अंतरावर, करवीर तालुक्यात हा तलाव आहे, एवढं पुरे.

तलाव जुना, मातीच्या बांधाचा. एका अंगाला बांध आणि सांडवा, दुसऱ्या टोकाला डोंगराकडून येणारा ओढा. ओढा तलावात शिरतो तिथे गाळ पंख्यासारखा पसरलेला आहे. शाळेच्या भूगोलात त्रिभुज प्रदेश शिकवतात तो हाच, फक्त लहान. पावसाळ्यात ओढा डोंगरावरची माती-खडी खेचून आणतो. साठलेल्या पाण्यात शिरताच त्याचा वेग मोडतो आणि बरोबर आणलेलं तो टाकत जातो. जड खडा आणि वाळू आधी, अगदी तोंडाशी. त्याहून बारीक माती थोडी पुढे. मऊ चिकण गाळ सगळ्यात शेवटी, बांधाकडच्या खोल, संथ पाण्यात. कृष्णा आंध्रात समुद्राला मिळताना अवाढव्य प्रमाणावर जे करते, तेच इथे काही एकरांत दिसतं. आपली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते, म्हणजे आपल्या शिवारातली मातीही कधीकाळी त्या मुखापर्यंत पोचत होती. आता वाटेत आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत. बराचसा गाळ त्यांच्या मागे अडतो आणि खाली मुखाकडचा किनारा मातीवाचून झिजतो आहे.

खडा आधी, चिकण गाळ शेवटी, हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढचं सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

मागणी काय होती

26 जानेवारीच्या ग्रामसभेत तलावातला गाळ काढायचा ठराव झाला. शासनाच्या 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे ही कल्पना गावोगावी पोचली आहे, आणि ती चांगलीच आहे. तलावाची साठवण वाढते, मुरमाड रानाला माती मिळते. या गावची वरच्या अंगाची रानं तशीच आहेत. चार बोटं माती आणि खाली मुरूम. तिथे ऊस धरायचा तर वरून गाळ पसरावाच लागतो.

अडचण जागेची होती. पोकलँड लावायला आणि ट्रॉल्या भरायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे ओढ्याचं तोंड. शिवरात्रीच्या सुमारास पाणी तिथून मागे सरतं, जमीन वाळते, डांबरी रस्ता शेजारून जातो. गुढीपाडव्याला तिथेच काम सुरू करायचं, असं ठरलं होतं.

आम्ही काही जण या तलावावर वर्षानुवर्षं पक्षी बघत आलो आहोत. गावातल्या एका शिक्षकांनी आम्हाला ठरावाचं कळवलं आणि विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का? आमच्यात लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं सरळ होतं: परदेशी पक्ष्यांची जागा आहे, काम थांबवा, वनखात्याकडे जाऊ.

मला ते पटलं नाही, आणि त्याची दोन कारणं होती. पहिलं कायद्याचं. पाणथळ जागांसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत, पण सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. डोळ्यांना पाणथळ दिसत असली तरी कागदावर ही जागा पाणथळ नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मात्र लागू पडतो. पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हेही त्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. पण त्या कायद्याचा आधार घ्यायचा तर घरटी कुणाची, कुठे आणि कधी असतात हे आधी सांगता आलं पाहिजे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गाळ काढला जातो तेव्हा ‘परदेशी पक्षी’ इथे बहुतेक नसतातच.

थंडीतले आणि उन्हाळ्यातले

या तलावावर दिवाळीपासून होळीपर्यंत जी गर्दी असते ती बहुतेक पाहुण्यांची. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक. चिखलात छोटे टिलवे, ठिपकेवाली तुतारी, पाणलावे. काठाने पिवळे धोबी. वरून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या. हे मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. हा मार्ग आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत, सुमारे 30 देशांवरून जातो. छोटा टिलवा मुठीत मावेल एवढा, त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. मार्च-एप्रिलमध्ये हे परत निघतात. तुताऱ्या ऑगस्टमध्येच पुन्हा येऊ लागतात, बदकं त्यानंतर.

एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पोकलँडच्या दिवसांत, त्याच चिखलावर वेगळी मंडळी असतात आणि ती आपलीच असतात. टिटवी. शेकाट्या. कंठेरी चिखल्या. हे तिघेही उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतं. जमिनीत उथळ खळगा, भोवती चार खडे, आत बहुतेक वेळा चार अंडी, आणि अंड्यांचा रंग तिथल्या मातीचाच. खडे-वाळू मिसळलेली, किंचित उंच, पाण्याजवळची मोकळी जमीन त्यांना लागते. आमच्या तलावावर ती फक्त ओढ्याच्या तोंडाशी आहे, कारण खडा तिथेच पडतो. बांधाकडचा चिकण गाळ वाळला की भेगाळतो, तिथे चिखल्या अंडी घालायला जात नाही.

टिटवी रोजची आहे म्हणून तिची कुणाला किंमत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. चक्रवाकाची जोडी उतरली की शहरातून माणसं धावतात. टिटवीची पिल्लं ट्रॉलीच्या चाकाखाली गेली तर ती बातमीही होत नाही. ‘परदेशी पाहुणे वाचवा’ म्हणत गावात गेलो असतो तर गावाने बरोबर विचारलं असतं, की एप्रिलात कुठले पाहुणे? आणि आम्ही निरुत्तर झालो असतो.

हिवाळ्याचा संबंध नाही असंही नव्हे, तो वेगळ्या वाटेने येतो. पाणपक्षी पाण्याची खोली पायांनी आणि मानेने मोजतात. टिलवा, चिखल्या यांना बोटभर पाणी किंवा नुसता ओला चिखल लागतो. पाणलाव्याची चोच सहा-सात सेंटिमीटर लांब. ती मऊ चिखलात पुरी रुतवून तो आतल्या अळ्या-किडे ओढतो. जमीन घट्ट असेल तर त्याचा उपयोग नाही. थापट्या, तलवार बदक बुडी मारून खाणारे नाहीत. डोकं खाली, शेपूट वर करून मान पोचेल तिथलं खातात, म्हणजे वीतभर ते हातभर पाणी. त्यापलीकडे खोल पाण्यात वारकरी, टिबुकली, पाणकावळा या बुडी मारणाऱ्या पक्ष्यांचं राज्य. उतरता काठ असला की पाणी जसजसं मागे हटतं तसतशी नवी ओली पट्टी रोज उघडी पडते आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत ताट वाढलेलं राहतं. तोच काठ उभा कापला की पाणी एक हात उतरलं काय आणि दोन हात उतरलं काय, उघडं काहीच पडत नाही. रंकाळ्याला जिथे दगडी काठ आहे तिथे उभं राहून बघावं. पाणी भरपूर, पण चिखलात चालणारा पक्षी तिथे उतरणार कुठे?

पाहणी

मार्चच्या सुरुवातीला सरपंचवहिनी, दोन सदस्य, ते शिक्षक आणि ज्यांच्या रानात गाळ जायचा होता ते चार-पाच शेतकरी असे सगळे तलावावर आले. सुरुवात गोड झाली नाही. एक तात्या म्हणाले, “पाखरं काय आमच्या वैऱ्याची न्हाईत. पर रान मुरमाड हाय, त्येचं काय करायचं ते सांगा की.” प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर पायाखालच्या मातीतच होतं.

तोंडाशी एक कुदळ मारली. हाताला लागला तो खडा, वाळू आणि थोडी माती. पाण्याच्या कडेने शंभरेक पावलं बांधाकडे गेलो, तिथे कुदळ मारली. काळा, लोण्यासारखा गाळ. तात्यांनी तो बोटांत चोळला, हुंगला आणि तोंडाकडच्या ढिगाकडे बघून म्हणाले, “आन् ह्यो खडा काय रानात घालायचा? मुरमावर आनि मुरूम?” हे आम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी स्वतः बोलून दाखवलं, हे फार बरं झालं. ओढ्याने माती चाळून ठेवलेली असते. रानाला जी हवी ती पुढे, पक्ष्याला जी हवी ती तोंडाशी. शिवाय गाळाच्या योजनेत वाळू काढायला मनाईच आहे, हेही सदस्यांना ठाऊक होतं.

मग बांधाशीच खणू, असं सरळ म्हणता येत नव्हतं. तिथे दोन अडचणी. मातीच्या बांधाच्या पायथ्याशी खोल खणलं तर पाझर वाढून बांधालाच धोका होतो, म्हणून पायथ्यापासून चांगलं अंतर राखावं लागतं. दुसरं, बांधाकडे मेपर्यंत पाणी असतं. ओला गाळ बकेटला चिकटून बसतो, ट्रॉली रुतते, डिझेल दुप्पट लागतं. काम घेणारा माणूस यावर अडून बसला होता आणि त्याचंही चुकीचं नव्हतं.

उरला मधला पट्टा. तो एप्रिलच्या मध्यावर उघडा पडतो आणि अक्षय तृतीयेच्या आसपास ट्रॉली पेलण्याइतका वाळतो. म्हणजे पाडव्याचा मुहूर्त सोडून महिनाभर थांबायचं. गाव यावर बराच वेळ घासाघीस करत राहिलं, कारण मृग लागायच्या आत रानात गाळ पसरून व्हायला हवा आणि मे महिन्यातला वळीव कधी येऊन काम बंद पाडेल याचा भरवसा नाही. शेवटी तोडगा सरपंचवहिनींनी काढला. पाडव्यापासून थांबायचं नाही. आधी रस्ता नीट करायचा, मधल्या पट्ट्याकडे जाणारी वाट एका बाजूने, तोंडाला वळसा घालून मुरूम टाकून पक्की करायची, आणि पट्टा वाळला की दोन यंत्रं एकदम लावायची. त्या वाटेसाठी मुरूमही गावचाच निघाला.

घरटी कशी राखली

तोंडाशी एक रेघ हवी होती. पक्षी बघणाऱ्या नवख्या मंडळींना वाटतं की घरटी शोधून प्रत्येकाला काठी रोवावी. ते करू नये. काठीवर कावळा बसतो आणि कुत्र्यांनाही त्या जागेची सवय होते. आम्ही घरट्यांकडे पाऊलही टाकलं नाही. रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून सकाळच्या वेळी दुर्बिणीतून नुसतं बघत राहायचं. टिटवी ओरडते तेव्हा ती घरट्यापासून लांब असते, तिच्या ओरडण्यामागे धावून काही मिळत नाही. ती गप्प होऊन, चार पावलं चालत, थांबत, पुन्हा चालत एका जागी अंग हलवून खाली बसते, ती जागा. चिखल्या तर पंख मोडल्याचं सोंग करून माणसाला भलतीकडे नेतो. तो असं करू लागला की आपण फार जवळ आलो आहोत आणि मागे फिरायला हवं, असं समजावं.

अशा जागा कागदावर टिपल्या आणि त्या सगळ्यांच्या बाहेरून, भरपूर अंतर सोडून, चुन्याच्या फक्कीची एकच लांब रेघ मारली. रेघेच्या आत यंत्र नाही, ट्रॉली नाही, जेवायला बसणं नाही. कुठे काय आहे हे यंत्रचालकांना सांगितलं नाही.

अंतर एवढं कशाला, असं एका सदस्यांनी विचारलं. अंड्यावर चाक गेलं नाही म्हणजे झालं की. इथे उन्हाळ्याचं गणित समजून घ्यावं लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या खड्यांवर पक्षी अंडी ‘उबवत’ नसतो, तो त्यांना सावली धरून बसलेला असतो. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंडी गार करते. यंत्राच्या आवाजाने किंवा माणसांच्या वावराने ती ऐन दुपारी थोडा वेळ जरी उठून राहिली तरी अंडी आतून शिजतात. बाहेरून त्यांना काहीही झालेलं दिसत नाही. टिटवीला जवळपास चार आठवडे, चिखल्याला साधारण साडेतीन आठवडे हे करावं लागतं, आणि पिल्लं बाहेर पडल्यावर काही तासांत पळू लागली तरी उडता यायला पुन्हा निदान तेवढेच दिवस जातात. रेघ मेअखेरपर्यंत पुसायची नाही, हे म्हणूनच ठरलं.

काम झालं ते असं

मधल्या पट्ट्यात काम सुरू झालं आणि बरेच दिवस सुरळीत चाललं. काठ उतरता ठेवायचा, पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट खोल, एवढाच नियम चालकाला दिला होता. रस्त्याकडच्या बाजूला तो नीट पाळला गेला. पलीकडच्या बाजूला मात्र शेवटच्या दिवसांत घाई झाली आणि एक लांब तुकडा उभा कापला गेला. वळिवाचे ढग दिसत होते, ट्रॉल्या थांबलेल्या होत्या. काठ घासून उतार करायला डिझेल कोण घालणार यावर वाद झाला आणि तो तसाच राहिला.

रेघ एकदा मोडली, तीही ट्रॉलीने नव्हे. शहरातून आलेले दोन फोटोवाले सकाळी आत शिरून शेकाट्याच्या घरट्याजवळ पालथे पडलेले तात्यांना दिसले. तात्यांनी त्यांना बाहेर काढलं. काय शब्दांत काढलं ते इथे लिहिता येणार नाही. पक्ष्यांवर प्रेम आहे म्हणणाऱ्यांनी हे करावं याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही. ऊन तापलेलं असताना अंड्यांवरून पक्षी उठवून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी आपल्या गटात तो कुणी टाकू देऊ नये.

मेच्या मध्यावर मोठा वळीव झाला. ओढा एका रात्रीत उतरला आणि पाण्याजवळचं शेकाट्याचं घरटं बुडालं. ते कुणाच्या हातचं नव्हतं. उंचावरच्या टिटव्या वाचल्या. चिखल्याची पिल्लं त्याआधीच बाहेर पडली होती. खड्यांमधून पळताना ती दिसतात आणि थांबली की दिसेनाशी होतात. शेकाट्या पुन्हा अंडी घालू शकतो, ऑगस्टपर्यंत त्याला वेळ असतो. पण पाऊस लागल्यावर तोंडाशी जाणं झालं नाही, त्यामुळे पुढचं सांगता येत नाही.

गाळ जेवढा धरला होता तेवढा निघाला नाही. हे गावाने ऐकून घेतलं, कारण जो निघाला तो काळा होता आणि तात्यांच्या रानात तो पसरलेला सगळ्यांनी पाहिला होता.

पुढचा हिवाळा

जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना असते. आशियाई पाणपक्षी गणना भारतात 1987 पासून चालू आहे आणि सामान्य माणसांनाही तीत भाग घेता येतो. त्या दिवसांत आम्ही तलावाचे तीन भाग वेगळे मोजले: तोंड, उतरता काठ आणि उभा कापलेला तुकडा. तोंडाशी टिलवे आणि तुताऱ्या नेहमीसारख्या. उतरत्या काठाच्या उथळ पाण्यात थापट्या आणि हळदीकुंकू बदकं शेपट्या वर करून खात होती, आणि त्यापुढच्या नव्या खोल पाण्यात वारकरी मोठ्या संख्येने. उभ्या तुकड्याखाली जवळजवळ शुकशुकाट. एक खंड्या मात्र त्या कापलेल्या भिंतीवर कायम बसलेला असे. खंड्या अशाच उभ्या मातीत बीळ करतो, तेव्हा त्या जागेचा त्याला उपयोग होईलही.

एका हिवाळ्यावरून सिद्ध काही होत नाही. पाऊस कसा झाला, वरच्या तलावांत पाणी किती, मासेमारीच्या ठेक्याची जाळी कुठे लागली, या सगळ्यावर पक्षी हलतात. तरी तीन भागांतला फरक एकाच दिवशी, एकाच पाण्यावर दिसला, त्यामुळे मला तो वजनदार वाटतो. आणखी काही हिवाळे मोजायला हवेत, त्याच भागांत, त्याच पद्धतीने.

दोन गोष्टी अजून लटकलेल्या आहेत. तोंडाची जमीन उन्हाळ्यात मोकळी दिसते म्हणून तिथे गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक, करायची मागणी एका बाजूने येऊ लागली आहे. कलिंगड किंवा वैरण लावली तर यंत्राशिवायही ती जागा पक्ष्यांच्या हातून जाईल. आणि आतापर्यंतचं सगळं तोंडी आहे. सरपंचवहिनींची मुदत संपली, काम घेणारा बदलला, की फक्कीच्या रेघेची आठवण कोण ठेवणार? म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही आणि त्या शिक्षकांनी मिळून तीन ओळींचा मजकूर दिला आहे: ओढ्याच्या तोंडाशी उत्खनन व गाळपेर नाही; काठाचा उतार पाचास एक; काम मधल्या पट्ट्यात, पाणी उतरल्यावर. अंदाजपत्रक करतानाच हे त्यात लिहावं, असा आग्रह आहे. उभ्या तुकड्याचा काठ घासायचा खर्चही त्यातच धरावा, असं तात्यांचं म्हणणं. मजकूर वाचून दाखवला गेला आणि पुढच्या सभेवर ठेवला. ती सभा 26 जानेवारीला आहे.